स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची भाषा चेनवर वेगात आणि स्वस्तात चालवायची कशी: कंपायलर आणि व्हीएम करणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ब्लॉकचेनवर ठेवलेला आणि तिथेच चालणारा प्रोग्राम. त्यासाठी नवीन भाषा करायची, किंवा आहे त्या भाषेचा कंपायलर नाहीतर व्हीएम (कॉन्ट्रॅक्टचा कोड चालवणारं व्हर्च्युअल मशीन) सुधारायचा म्हटलं की बहुतेक लोक सगळ्यात आधी लूप किती जोरात फिरतो तेच बघतात. बेरीज गुणाकाराचा बेंचमार्क लावायचा, आकडा चांगला आला की खूश व्हायचं, आणि मग खऱ्या ट्रान्झॅक्शन टाकल्या की फरक जेमतेम दिसतो, कारण खरा वेळ तिथे जातच नव्हता.

सर्व्हरवरचा कोड आणि चेनवरचा कोड यात मूळ फरक लक्षात घ्या. चेनवर तोच कोड प्रत्येक नोड (चेन चालवणारा एकेक संगणक) परत चालवतो, सगळ्यांचं उत्तर बिटागणिक सारखं यावं लागतं, आणि कोड लिहिणारा माणूस अनोळखी असतो, कधी कधी मुद्दाम त्रास द्यायला बसलेला असतो. म्हणून इथे ‘सरासरी वेग’ हा आकडा फारसा कामाचा नाही. सगळ्यात वाईट इनपुटला किती वेळ लागतो आणि तेवढ्या वेळाचे पैसे आपण घेतो का, हा खरा प्रश्न. माझं ठाम मत असं की आधी किंमत खरी लावा, मग स्टेट म्हणजे स्टोरेजकडे, चेनवर साठलेल्या डेटाकडे, बघा, आणि हिशोबाचा वेग शेवटी. हा क्रम उलटा केला की महिनोन्महिने काम होतं आणि हातात काही लागत नाही.

खाली बहुतेक उदाहरणं ईव्हीएमची, म्हणजे इथेरियमच्या व्हर्च्युअल मशीनची आहेत, कारण त्याचे आकडे उघडे आहेत आणि दहा वर्षांचा इतिहास बघायला मिळतो. पण पायऱ्या कुठल्याही चेनला लागू आहेत.

पायरी १: पैसे आणि वेळ कुठे जातो ते आधी मोजा

एक ट्रान्झॅक्शन घ्या आणि तिचे तुकडे पाडा. कोड डिस्कवरून आणणं, तो तपासणं किंवा कंपाइल करणं, प्रत्यक्ष सूचना चालवणं, स्टोरेज वाचणं, स्टोरेज लिहिणं, हॅशिंग आणि सह्या तपासणं, आणि ब्लॉकच्या शेवटी नवीन स्टेट रूट (सगळ्या स्टेटचा मिळून एक हॅश) काढणं. प्रत्येकाला वेगळं घड्याळ लावा. आणि हे रिकाम्या डेटाबेसवर करू नका, प्लीज. रिकामा डेटाबेस सगळा रॅममध्ये बसतो आणि स्टोरेज फुकट असल्यासारखं दिसतं. खऱ्या चेनएवढा मोठा डेटाबेस भरा, कॅशे थंड ठेवा, मग मोजा.

ईव्हीएमचाच इतिहास बघा ना. गॅस म्हणजे कोड चालवण्याचा खर्च मोजायचं एकक. दोन आकड्यांची बेरीज २०१५ साली ३ गॅस होती, आजही ३ गॅसच आहे. स्टोरेजमधून एक स्लॉट (३२ बाइटचा कप्पा) वाचायचा एसलोड ऑपकोड (मशीनची एक सूचना) मात्र ५० गॅसपासून सुरू झाला, २०१६ मध्ये २०० झाला, २०१९ च्या इस्तंबूल अपग्रेडमध्ये ८०० झाला आणि २०२१ च्या बर्लिनमध्ये पहिल्या वाचनाला २१००. म्हणजे ४२ पट. प्रोसेसर हळू झाले म्हणून नाही, स्टेट वाढत गेलं आणि एक स्लॉट शोधायला ट्रीमध्ये (स्टेट ठेवायची झाडासारखी रचना) खाली खाली उतरत डेटाबेसच्या कितीतरी नोंदी उघडाव्या लागतात म्हणून. या एका गोष्टीवरून कळतं की मेहनत कुठे घालायची.

चुकीच्या किमतीने काय होतं तेही तिथेच दिसलं. २०१६ च्या सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये इथेरियमवर जे हल्ले झाले त्यात दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या कोडचा आकार विचारणारा एक्स्टकोडसाइज ऑपकोड एका ब्लॉकमध्ये ५०,००० च्या आसपास वेळा बोलावला जात होता. त्याची किंमत होती २० गॅस आणि प्रत्यक्षात दर वेळी डिस्कवर जावं लागायचं. नोड्स रांगायला लागले. ऑक्टोबर २०१६ च्या हार्ड फोर्कमध्ये (सगळ्या नोड्सना घ्यावा लागणारा नियमबदल) ती किंमत ७०० केली. तिथे व्हीएम किती फास्ट होता याने काडीचा फरक पडला नसता.

पायरी २: मशीन निवडा, पण कारणासकट

मोटामोटी चार रस्ते आहेत.

ईव्हीएमसारखं स्टॅक मशीन (आकडे एकावर एक रचून वरच्यांवर काम करणारं), २५६ बिटचा शब्द. टूलिंग, ऑडिटर, वॉलेट सगळं तयार मिळतं. पण आजचा प्रोसेसर ६४ बिटचा, म्हणजे प्रत्येक आकडा चार तुकड्यांत धरावा लागतो आणि ज्या लूप काउंटरला एक बाइट पुरला असता तोही ३२ बाइटचा होऊन फिरतो.

वेब असेम्ब्ली, म्हणजे वॅझम. कंट्रोल फ्लो आधीच नीट रचलेला असतो त्यामुळे एकाच फेरीत तपासता येतो, रस्ट, सी अशा भाषा थेट चालतात. कॉसमवॅझम, निअर, आणि २०२४ पासून आर्बिट्रमचं स्टायलस हे याच रस्त्याचे. इथे फ्लोटिंग पॉइंटचं बघावं लागतं, कारण नॅन (‘हा आकडाच नाही’) या मूल्याचे बिट वेगवेगळ्या प्रोसेसरवर वेगळे येऊ शकतात. एकतर फ्लोट बंद करा नाहीतर नॅन एकाच ठरलेल्या रूपात आणा. आणि कॉल स्टॅक किती खोल जाऊ द्यायचा ते स्वतः मोजून ठरवा, ऑपरेटिंग सिस्टिमचा स्टॅक भरून फुटेपर्यंत थांबलात तर एका नोडवर फुटेल आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे फोर्क, साखळीचे दोन तुकडे.

तिसरा रस्ता रजिस्टर मशीनचा, म्हणजे प्रोसेसरसारखे आकडे ठरावीक कप्प्यांत ठेवणारं. सोलाना चेनचं एसबीपीएफ अकरा रजिस्टरचं आहे, पोल्काव्हीएम रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरच्या सूचनासंचावर उभं आहे, आणि इथेरियमच्या व्हिटालिक बुटेरिनने एप्रिल २०२५ मध्ये इथेरियमसाठीही रिस्क-फाइव्हचा प्रस्ताव मांडला होता. रजिस्टर मशीनचा फायदा सरळ आहे, खऱ्या प्रोसेसरवर भाषांतर जवळजवळ एकास एक होतं.

चौथा म्हणजे भाषेच्या अंगाने जाणारं मशीन. कार्डानो चेनचं प्लुटस लॅम्डा कॅल्क्युलसवर (सगळं फंक्शनमध्ये मांडणारं गणित) चालतं, मूव्ह भाषेला स्वतःचा बाइटकोड (व्हीएम वाचतो तो कोड) आणि तो पब्लिश करतानाच तपासणारा व्हेरिफायर आहे. जे एकदा पब्लिश करताना तपासता येतं ते दर कॉलला तपासायचं नाही, ही मूव्हची कल्पना कुठल्याही मशीनमध्ये उचलण्यासारखी आहे.

फंक्शनल भाषा करणाऱ्यांना प्लुटसकडून अजून एक शिकण्यासारखं आहे. सुरुवातीला तिथे डेटा टाइपच्या प्रत्येक कन्स्ट्रक्टरचं, म्हणजे त्याच्या एकेका पर्यायाचं, रूपांतर फंक्शनमध्ये केलं जायचं, म्हणजे एखादा पर्याय ओळखायचा तरी फंक्शन कॉलवर फंक्शन कॉल. प्लुटसच्या तिसऱ्या आवृत्तीत कन्स्ट्रक्टर आणि केस (पर्याय ओळखणं) हे मशीनच्या गाभ्यातच आणले. भाषेत जी गोष्ट पावलोपावली वापरली जाते तिला मशीनमध्ये स्वतःची जागा द्या, एन्कोडिंगच्या कसरती कागदावर सुंदर दिसतात पण दर ट्रान्झॅक्शनला त्याची किंमत वापरणारा भरतो.

पायरी ३: गॅस मोजण्याचाच खर्च कमी करा

प्रत्येक सूचनेआधी ‘गॅस उरलाय का’ असं विचारलं तर बेरजेपेक्षा विचारणंच महाग पडतं. यावरचा उपाय जुना आहे आणि चांगला आहे: बेसिक ब्लॉक. कोडचा असा तुकडा ज्याच्या मधे कोणी उडी मारून येत नाही आणि मधून कोणी बाहेर जात नाही. त्या तुकड्यातल्या सगळ्या सूचनांची किंमत आधीच बेरीज करून ठेवा आणि तुकड्याच्या तोंडाशी एकदाच वजा करा. स्टॅक मशीन असेल तर स्टॅकला किती घटक लागतील आणि तो जास्तीत जास्त किती वाढेल हेही तिथेच एकदा तपासून घ्या. ईव्हीएमवन नावाच्या सी प्लस प्लस इंटरप्रिटरच्या ॲडव्हान्स्ड मोडमध्ये हेच केलंय, आणि वॅझमच्या चेन्स कोडमध्ये मीटरिंगच्या (गॅस मोजण्याच्या) सूचना घुसवून हेच करतात.

इथे एक शंका येते ती बरोबर आहे. बेसिक ब्लॉकच्या मधोमध गॅस संपणार असेल तर आपण त्याला सुरुवातीलाच थांबवतोय, मग निकाल बदलला का? गॅस संपला की त्या कॉलचं सगळं काम उलटवलं जातं आणि त्याला दिलेला सगळा गॅस जातो, त्यामुळे शेवटचं स्टेट तेच राहतं. पण कोडला उरलेला गॅस विचारायची सोय असेल, किंवा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला उरलेल्यातला हिस्सा द्यायचा असेल, तर त्या क्षणी आकडा अचूक लागतो. तिथे ब्लॉक तोडा नाहीतर पुढच्या सूचनांचे आधीच कापलेले गॅस परत जोडून आकडा द्या. हे विसरलं की दोन क्लायंट (नोडवर चालणारी सॉफ्टवेअर) वेगळे आकडे दाखवतात, आणि अशी चूक साध्या टेस्टमध्ये सापडत नाही.

ज्या सूचनांची किंमत इनपुटवर अवलंबून आहे, म्हणजे मेमरी कॉपी, हॅश, घातांक, त्या या बेरजेत धरता येत नाहीत, त्यांचा बदलता भाग चालतानाच कापायचा.

पायरी ४: इंटरप्रिटर आधी नीट करा, जेआयटीची (कोड चालता चालता मशीन कोडमध्ये कंपाइल करण्याची) घाई नको

साधा स्विच लूप असेल तर प्रत्येक सूचनेला एकाच ठिकाणाहून उडी मारली जाते आणि प्रोसेसरला पुढचा अंदाज बांधणं अवघड जातं. त्याऐवजी प्रत्येक ऑपकोडच्या शेवटीच पुढच्या ऑपकोडकडे उडी ठेवा, टेल कॉल नाहीतर लेबलच्या पत्त्यांचं टेबल, भाषा देईल तसं. कोड लोड होतानाच पुशमधले आकडे वाचून ठेवा, उड्यांची वैध ठिकाणं एकदा शोधून बिटमॅप करा आणि तो कोडच्या हॅशने कॅशे करा. तोच टोकन कॉन्ट्रॅक्ट एका ब्लॉकमध्ये पुन्हा पुन्हा बोलावला जातो, दर वेळी परत तपासायचं काहीच कारण नाही.

२५६ बिटचं गणित असेल तर चार ६४ बिट तुकड्यांचं आपलं गणित लिहा, कुठलीतरी मोठ्या आकड्यांची लायब्ररी जी प्रत्येक बेरजेला हीपवर जागा मागते ती लावू नका. गुणाकारात निकाल २५६ बिटलाच कापायचा असतो, म्हणून १६ ऐवजी १० छोटे गुणाकार पुरतात. भागाकारात दोन्ही आकड्यांचे वरचे तीन तुकडे शून्य असतील तर सरळ प्रोसेसरचा भागाकार वापरा, खऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये बहुतेक आकडे छोटेच असतात. पण किंमत ठरवताना मात्र तीन चार तुकड्यांचा भाजक आलेलाच भागाकार धरायचा. ईव्हीएममध्ये गुणाकार आणि भागाकार दोन्ही ५ गॅसला आहेत, आणि वाईटात वाईट भागाकार गुणाकारापेक्षा बराच हळू असतो, हल्ला करणारा नेमकी तीच फट शोधतो.

रिव्हर्टसाठी (फसलेल्या कॉलचे बदल उलटवण्यासाठी) स्टेटची पूर्ण कॉपी काढू नका. जर्नल ठेवा: काही बदललं की जुनं मूल्य एका यादीत टाकायचं, रिव्हर्ट आला की यादी उलटी वाचत परत लावायची. कॉल यशस्वी झाला तर काहीच करायचं नाही. एवढ्या एका बदलाने खूप आत आत जाणारे कॉल स्वस्त होतात.

पायरी ५: कंपाइल करायचंच असेल तर डिप्लॉय करताना (कोड चेनवर चढवताना) करा

जेआयटी म्हटलं की वेग दिसतो, पण कंपायलर हासुद्धा हल्ल्याचा रस्ता आहे. मोठे ऑप्टिमाइझिंग कंपायलर, एलएलव्हीएमसारखे, काही विचित्र कोडवर आकाराच्या प्रमाणात न वाढता भलताच वेळ घेतात. कोणीतरी छोटासा पण कंपायलरला गुंतवणारा कोड टाकला की सगळे नोड अडकले, याला कंपाइल बॉम्ब म्हणतात. म्हणून चेनवर वापरायचा कंपायलर एका फेरीत, कोडच्या लांबीच्या प्रमाणात वेळ घेणारा हवा. वॅझम चालवणाऱ्या वॅझमरचा सिंगलपास कंपायलर याच कारणासाठी ब्लॉकचेनवाल्यांना आवडतो, त्याने बनवलेला कोड थोडा हळू असतो पण वेळेचा भरवसा असतो.

त्यामुळे क्रम असा: कॉन्ट्रॅक्ट अपलोड होताना तपासा, कंपाइल करा, त्याचे पैसे तिथेच घ्या, मशीन कोड कॅशेमध्ये ठेवा आणि कॅशेच्या किल्लीत कोडच्या हॅशबरोबर कंपायलरची आवृत्तीही घाला. जड ऑप्टिमायझेशन डेव्हलपरच्या लॅपटॉपवर होऊ दे, तिथे हवा तेवढा वेळ घ्या, नोडवर फक्त हलकं भाषांतर.

कोडचा आकार इथेच मर्यादित करा. इथेरियमवर २०१६ पासून डिप्लॉय झालेल्या कोडला २४,५७६ बाइटची मर्यादा आहे आणि ती लोकांना त्रासदायक वाटते हे खरं, पण कोड आणणं आणि तपासणं यांना वरची हद्द असलीच पाहिजे. कार्डानोत आधी ट्रान्झॅक्शनबरोबर पूर्ण स्क्रिप्ट पाठवावी लागायची, २०२२ च्या वासिल अपग्रेडनंतर चेनवर आधीच ठेवलेल्या स्क्रिप्टचा नुसता संदर्भ देता येतो. तोच कोड परत परत वाहून नेणं थांबवणं ही सगळ्यात सोपी बचत.

पायरी ६: स्टोरेज. इथे वेळ द्या

आता एक उदाहरण पूर्ण हिशोबासकट. समजा कॉन्ट्रॅक्टमध्ये १०० आकड्यांची यादी स्टोरेजमध्ये आहे आणि त्यांची बेरीज ‘एकूण’ नावाच्या स्टोरेज व्हेरिएबलमध्ये ठेवायची आहे, जो सध्या शून्य आहे. कंपायलरने जसं लिहिलंय तसंच भाषांतर केलं तर लूपच्या प्रत्येक फेरीत यादीची लांबी वाचली जाईल, एकूण वाचला जाईल, घटक वाचला जाईल आणि एकूण परत लिहिला जाईल.

ईव्हीएमचे आजचे दर लावू. स्लॉटचं पहिलं वाचन २१००, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये नंतरचं प्रत्येक वाचन १००. शून्याच्या जागी काहीतरी लिहिणं २०,०००, आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बदललेल्या स्लॉटवर परत लिहिणं १००. घटकांचं वाचन १०० गुणिले २१००, म्हणजे २,१०,०००. लांबी १०१ वेळा बघितली जाते, म्हणजे १२,१००. एकूण वाचणं १२,०००, लिहिणं २९,९००. सगळं मिळून २,६४,००० गॅस, आणि यात बेरीज, उड्या, बाउंड चेक काहीच धरलेलं नाही.

आता पहिली सुधारणा, जी सगळ्यांना माहीत असते: लांबी आणि एकूण लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, लूप संपल्यावर एकदाच लिहा. लांबी २१००, एकूण वाचणं २१००, लिहिणं २०,०००, घटक तेच. बेरीज २,३४,२००. बरं वाटतं, पण अकरा टक्क्यांच्या आसपासच बचत झाली.

दुसरी सुधारणा: आकडे ६४ बिटमध्ये मावत असतील तर एका ३२ बाइटच्या स्लॉटमध्ये चार बसवा. १०० स्लॉटऐवजी २५ स्लॉट, आणि कंपायलरने एक स्लॉट एकदाच वाचून चारही आकडे शिफ्ट आणि मास्कने काढले तर घटकांचा खर्च ५२,५००. आधीची सुधारणा धरून एकूण ७६,७००. पहिल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. शिफ्ट, मास्क प्रत्येकी ३ गॅसचे, ते या हिशोबात दिसतही नाहीत.

म्हणून भाषेत छोट्या लांबीचे टाइप द्या आणि ते स्टोरेजमध्ये आपोआप शेजारी शेजारी बसवा, शिवाय जे एकत्र वाचले जातात ते एकाच स्लॉटमध्ये आणायची सोय प्रोग्रामरला द्या. पॅक करताना उलटी बाजूही आहे: स्लॉटमधला एकच छोटा भाग बदलायचा असेल तर आधी वाचावं लागतं, मग मिसळून लिहावं लागतं. एकटाच बदलणारा काउंटर दुसऱ्यांच्या शेजारी कोंबण्यात फायदा नाही.

मग कंपायलर हे लोकलमध्ये घेण्याचं काम स्वतःच का करत नाही असं वाटेल. अडचण आहे बाहेरच्या कॉलची. लूपच्या मधे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला कॉल गेला की तो फिरून आपल्याच फंक्शनमध्ये येऊ शकतो आणि तोच स्लॉट वाचू किंवा बदलू शकतो. म्हणून नियम कडक ठेवा: बाहेरच्या कॉलआधी हातातली सगळी बदललेली मूल्यं स्टोरेजला लिहा, कॉलनंतर हातातलं सगळं जुनं समजून टाकून द्या. दोन बाहेरच्या कॉलमधल्या सरळ तुकड्यात मात्र मनसोक्त कॅशे करा. भाषेच्या रचनेतच री-एंट्रन्सी (असं फिरून परत आत येणं) बंद असेल तर कंपायलरला कितीतरी जास्त मोकळीक मिळते, सुरक्षितता मिळते ती वेगळीच. ती अडवायला लॉक लागणारच असेल तर तो कायमच्या स्टोरेजमध्ये ठेवू नका, मार्च २०२४ पासून इथेरियमवर ट्रान्झियंट स्टोरेज आहे, वाचणं लिहिणं १०० गॅस आणि ट्रान्झॅक्शन संपली की पुसलं जातं.

नोडच्या बाजूला, वाचण्यासाठी सपाट की-व्हॅल्यू रचना वेगळी ठेवा आणि मर्कल ट्री (वर आलेली ती हॅशची ट्री) फक्त रूट काढण्यासाठी. प्रत्येक वाचनाला ट्री उतरायची गरज नसते.

पायरी ७: कंपायलरच्या आत

मधलं एक रूप, आयआर, ठेवाच. थेट सिंटॅक्स ट्रीवरून बाइटकोड काढणारे कंपायलर सुरुवातीला भराभर उभे राहतात आणि मग अडतात. ईव्हीएमसाठीच्या सॉलिडिटी भाषेनेही नंतर यूल नावाचं मधलं रूप आणलं, त्या मार्गाने जाणारी पाइपलाइन २०२२ मध्ये ०.८.१३ आवृत्तीत पक्की झाली. ईव्हीएममध्ये स्टॅकच्या वरच्या १६ घटकांपर्यंतच हात पोचतो, त्यातून ती प्रसिद्ध ‘स्टॅक टू डीप’ची चूक येते. उपाय म्हणजे जास्तीची व्हेरिएबल मेमरीत टाकणं, खर्च लिहायला ६ आणि वाचायला ६ गॅस, काहीच नाही. फक्त रिकर्सिव्ह फंक्शनला ठरावीक मेमरी पत्ता देऊ नका, आतला कॉल बाहेरच्याचं मूल्य पुसून टाकेल.

इनलाइनिंगचा (फंक्शनचा कोड बोलावण्याच्या जागीच टाकण्याचा) हिशोब नेहमीच्या कंपायलरपेक्षा वेगळा आहे. कोडच्या प्रत्येक बाइटला डिप्लॉय करताना २०० गॅस पडतात. इनलाइन केल्याने ३० बाइट वाढले तर ६००० गॅस, आणि दर कॉलला २५ गॅस वाचत असतील तर २४० कॉलनंतर पैसे वसूल. म्हणूनच सॉलिडिटीच्या ऑप्टिमायझरला ‘रन्स’ हा आकडा द्यावा लागतो, तो ऑप्टिमायझर किती वेळा चालवायचा याचा नाही, कोड आयुष्यात किती वेळा चालेल याचा अंदाज आहे. डिफॉल्ट २०० आहे, रोज हजारो वेळा बोलावल्या जाणाऱ्या कॉन्ट्रॅक्टसाठी तो वाढवायला हवा.

फंक्शन निवडणंही बघा. चार बाइटच्या सिलेक्टरशी (फंक्शनची ओळख) एकेक करून तुलना केली तर प्रत्येक तुलनेला २२ गॅस, चाळीस फंक्शन असतील तर शेवटच्याला ८८०. बायनरी सर्च करा किंवा हॅश टेबल.

ओव्हरफ्लो (निकाल टाइपमध्ये न मावणं) तपासणी भाषेत डिफॉल्ट असावीच, सॉलिडिटीत ती डिसेंबर २०२० च्या ०.८.० पासून आहे. पण जिथे रेंज पाहून सिद्ध होतं की ओव्हरफ्लो शक्यच नाही तिथून कंपायलरनेच ती काढावी. लूप काउंटर वरच्या हद्दीपेक्षा लहान आहे हे नुकतंच तपासलंय, मग एक वाढवताना परत कशाला तपासायचं? सॉलिडिटी ०.८.२२ पासून हे आपोआप करते. प्रोग्रामरला हाताने ‘अनचेक्ड’ लिहायला लावणं म्हणजे वेगासाठी त्याला सुरक्षितता सोडायला सांगणं, आणि ते काम भाषेचं आहे, त्याचं नाही.

मेमरीबद्दल एकच: ईव्हीएममध्ये मेमरीचा खर्च वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ४८ केबीच्या पुढे वर्गाचा भाग सरळ भागाला मागे टाकतो, आणि सॉलिडिटी एकदा घेतलेली मेमरी परत वापरत नाही. लूपमध्ये तात्पुरते ॲरे बनवत राहणारा कोड इथे बिल वाढवतो, कंपायलरने स्कोप संपल्यावर जागा परत घेतली तर मोठं काम होतं.

पायरी ८: जड काम नेटिव्ह करा, पण मोजून

हॅश, सह्या, एलिप्टिक कर्व्हचं गणित हे व्हीएममध्ये लिहू नका, बिल्ट-इन किंवा प्रीकंपाइल (नोडमध्येच असलेलं तयार फंक्शन) द्या. फक्त प्रत्येक बिल्ट-इन कायमचं सांभाळावं लागतं आणि त्याच्या किमतीचं सूत्र वाईटात वाईट इनपुटवर बसवावं लागतं.

ट्रान्झॅक्शनचे झेडके प्रूफ (कोड परत न चालवता निकाल बरोबर असल्याचा गणिती पुरावा) काढायचे असतील तर वरचे किमतीचे बरेच ठोकताळे बदलतात. तिथे फील्डमधली (ठरावीक मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीच्या गणितातली) बेरीज स्वस्त, बिटवाइज काम आणि केचॅक हॅश महाग. स्टार्कनेटची कैरो भाषा म्हणून फील्ड एलिमेंटवर उभी आहे, आणि तिचं सिएरा हे मधलं रूप असं केलंय की फसलेली ट्रान्झॅक्शनही सिद्ध करता येते आणि तिचे पैसे घेता येतात.

एकाच वेळी अनेक ट्रान्झॅक्शन चालवायच्या तर कोण काय वाचणार लिहिणार ते माहीत हवं. सोलानात खाती आधी जाहीर करावी लागतात, ॲप्टॉसचं ब्लॉक-एसटीएम आधी चालवून बघतं आणि टक्कर झाली तर परत चालवतं. भाषेने सगळ्यांनी मिळून वाढवायचा एक ग्लोबल काउंटर लिहिणं सोपं केलं की दोन्ही पद्धती ओळीने चालायला लागतात.

पायरी ९: किंमत बसवा आणि मग तोडायचा प्रयत्न करा

एक ठरावीक हार्डवेअर पकडा, एका सेकंदात किती गॅस संपला पाहिजे ते ठरवा, आणि प्रत्येक सूचनेला तिच्या सगळ्यात वाईट इनपुटवर मोजून किंमत द्या. नंतर प्रत्येक सूचनेने पूर्ण ब्लॉक भरून बघा. जो ब्लॉक इतरांपेक्षा खूप हळू चालतो तिथे किंमत कमी पडतेय.

बरोबरीने डिफरन्शियल फझिंग चालू ठेवा: तोच यादृच्छिक कोड साध्या, हळू, समजायला सोप्या इंटरप्रिटरवर आणि वेगवान व्हीएमवर, आणि निकाल, उरलेला गॅस, स्टेट रूट तिन्ही जुळले पाहिजेत. ऑगस्ट २०२१ मध्ये गेथ या क्लायंटच्या जुन्या आवृत्त्या चालवणारे नोड इथेरियमच्या मुख्य साखळीपासून वेगळे पडले, त्याच्या मुळाशी काय होतं? इनपुट जसंच्या तसं परत देणाऱ्या प्रीकंपाइलने कॉपी न काढता तीच मेमरी परत दिली होती, नंतर ती मेमरी बदलली की रिटर्न डेटाही बदलायचा. दुरुस्ती आधीच निघाली होती, सगळ्यांनी लावली नव्हती. एक कॉपी वाचवणं आणि साखळी दुभंगणं यात एवढंच अंतर असतं, म्हणून मेमरी शेअर करणारी प्रत्येक ऑप्टिमायझेशन फझरमधून गेल्याशिवाय मर्ज करू नका.

शेवटची गोष्ट किमती नंतर बदलण्याची. त्या बदलाव्या लागणारच, वरचा एसलोडचा इतिहास बघितलात. पण डिप्लॉय झालेला कोड बदलत नाही. २०१९ मध्ये एसलोड ८०० झाला तेव्हा, नुसते पैसे पाठवताना जो २३०० गॅसचा भत्ता मिळतो त्यात बसणारे काही कॉन्ट्रॅक्ट बसेनासे झाले, कारण त्यांनी तो आकडा कायमचा धरला होता. म्हणून आपल्या भाषेत गॅसचा ठरावीक आकडा कोडमध्ये लिहायची सोयच ठेवू नका, लायब्ररीतही नाही. उरलेला गॅस विचारण्याची सूचना द्यायचीच असेल तर ती कंपायलरच्या वॉर्निंगसकट द्या, आणि किमतीचं टेबल पहिल्या दिवसापासून आवृत्ती क्रमांकासकट ठेवा, म्हणजे जुना ब्लॉक परत चालवताना जुने दर लागतील आणि नव्या ब्लॉकला नवे.